खुज्जुत्तरेचे आसन

कोसंबीचा राजा उदयन याच्या अंतःपुरात राणी सामावतीच्या खिदमतीस असलेली खुज्जुत्तरा ही कुबडी दासी, राणीने फुलांसाठी दिलेल्या आठ कार्षापणांपैकी चार रोज स्वतःपाशी ठेवीत असे, आणि माळ्याच्या घरी बुद्धाचा उपदेश ऐकल्यावर तिने आठांचीही फुले आणून आपला अपहार कबूल केला, असे धम्मपदाची अट्ठकथा (पाली टीका) सांगते.

मला अधिक मोलाचे वाटते ते पुढचे. तो धर्म आम्हांलाही ऐकव, असे राणी म्हणताच खुज्जुत्तरेने आधी स्नान मागितले. सोळा घागरी सुगंधी जलाने न्हाऊन, एक वस्त्र नेसून, दुसरे खांद्यावर घेऊन, हाती पंखा धरून ती आसनावर बसली, आणि काल जिच्या हुकुमाची ती ताबेदार होती तीच राणी श्रोती झाली. हा अहंकार नव्हे; आज्ञा देण्याची सवय जडलेल्या कानांत धर्म शिरायचा, तर सांगणारीला तिचे स्थान आधी मिळावे लागते. शिवाय राणीला राजवाड्याबाहेर पडता येत नव्हते, दासीला येत होते. म्हणून ज्ञान आले ते तिच्याच पावलांनी.

तिचे कुबड आणि दास्य ही पूर्वजन्मीच्या पापाची फळे, असा खुलासा अट्ठकथा करते. तो मला मान्य होत नाही. कारण त्याने मालकाचे उत्तरदायित्व हलके होते आणि सोसणाराच दोषी ठरतो. उलट, बहुश्रुत उपासिकांत बुद्धाने तिलाच अग्रस्थान दिले, आणि इतिवुत्तक या पाली ग्रंथातील ११२ सुत्ते तिच्या मुखातून टिकली, अशी परंपरा आहे.