पीक हाती येण्याआधीचे आभार

मार्गशीर्ष अमावास्येला धाराशिव, लातूर आणि सोलापूरच्या पट्ट्यात घरे ओस पडतात आणि शेते भरतात. ही येळवस, म्हणजे वेळअमावास्या. कडब्याची कोप उभारायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी, उंडे आणि खिरीचा नैवेद्य दाखवायचा, आंबील पिकात शिंपडायची आणि मग वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवायचे. एवढ्या गजबजाटात एक विचित्र गोष्ट सहज नजरेआड होते. त्या दिवशी शेतकऱ्याच्या हाती रब्बीचे काहीच आलेले नसते. रब्बीची ज्वारी रानात उभी असते, हरभऱ्याला नुकते घाटे धरू लागलेले असतात आणि काढणीला अजून दीड-दोन महिने असतात. पदरात काही पडण्याआधी मानलेल्या आभारांना काय अर्थ?

हे आभार नसून नवस आहे, म्हणजे पुढच्या पिकासाठी देवाला दिलेली आगाऊ रक्कम, असे कोणी म्हणेल. आक्षेप पोकळ नाही. भरभराटीची इच्छा या पूजेत आहेच. पण नवसाला अट असते. अमुक झाले तर तमुक करीन, नाही झाले तर देणे लागत नाही. येळवशीला तशी अट नाही. या पट्ट्याने १९७२चा दुष्काळ पाहिला, २०१२ ते २०१६ या काळातली कोरडी वर्षेही पाहिली; तरी पीक बुडाले म्हणून काळ्या आईला कोणी पुढच्या वर्षी वगळले नाही. शिवाय पूजा ढगाची नाही, जमिनीची आहे, आणि त्यामागे शेतीचे पक्के ज्ञान आहे. रब्बीची कोरडवाहू ज्वारी मुख्यतः पावसाळ्यात काळ्या रानाने धरून ठेवलेल्या ओलीवर वाढते. पीक येवो न येवो, जमिनीने आपले काम त्या दिवसापर्यंत केलेले असते. आभार आहेत ते त्या झालेल्या कामाचे.

दूर अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेला राहणाऱ्या सेनेका आणि इतर इरोक्वाय लोकांची रीत या बाबतीत डोळे उघडणारी आहे. मका, घेवडा आणि भोपळा ते एकत्र पेरत आणि या तिघींना बहिणी मानत. घेवडा मक्यावर चढतो आणि जमिनीला नत्र पुरवतो, भोपळ्याची पाने ओल राखतात. त्यांच्या समारंभांची सुरुवात आभाराच्या एका दीर्घ उच्चाराने होते. माणसे, धरणी, पाणी, झाडे, वारा, सूर्य, चंद्र अशा क्रमाने सगळ्यांना धन्यवाद दिले जातात आणि त्यात मागणी जवळजवळ नसतेच. १७७९ साली सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनच्या आदेशावरून अमेरिकन सैन्याने त्यांची गावे आणि उभी मक्याची शेते जाळली. पुढे १७९९ पासून हँडसम लेक या सेनेका धर्मोपदेशकाने समाज सावरायला घेतला, तेव्हा आभाराचे जुने विधी टिकवण्यावर त्याने भर दिला. सौदा असता तर तो त्या आगीत मोडला असता.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. जमिनीला मन नाही, ती जाणून काही देत नाही, मग तिचे आभार कसले? सेनेका याच नावाचा एक रोमन तत्त्ववेत्ता होऊन गेला. उपकार वस्तूत नसतो, देणाऱ्याच्या हेतूत असतो, असे त्याचे मत. म्हणून सूर्य-चंद्राचे ऋण मानण्यासाठी त्याला त्यांच्यातही इच्छा मानावी लागली. येळवशीला इतक्या लांब जायची गरज नाही. कृतज्ञता देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते त्याहून जास्त घेणाऱ्याच्या वागण्यावर अवलंबून असते. आपण एकट्याच्या बळावर जगत नाही हे ज्याने मान्य केले, तो भाकरी एकट्याने खाणार नाही. अनोळखी माणसालाही पंगतीत बसवण्याची रीत या पूजेला केवळ शोभेसाठी चिकटलेली नाही. पूजेचा अर्थच तिथे उतरतो.

म्हणूनच तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. जमीन ज्याच्या नावावर, आभारही त्याचेच. भांगलणाऱ्या मजूरबाईचे काय, आणि रात्रभर चुलीपुढे बसून भज्जी रांधणाऱ्या घरच्या बायकांचे काय? याला रूढीकडे पुरेसे उत्तर नाही. काळ्या आईला नैवेद्य आणि तिच्यात राबणारीला उरलेसुरले, असे जिथे घडते तिथे तो विधी खोटा ठरतो. पुण्या-मुंबईहून त्या दिवशी जेवणापुरते गावी येणाऱ्यांनी यंदा आदल्या रात्रीच पोचावे, चुलीपाशी हात लावावा आणि रानात राबणाऱ्यांची पंगत आधी वाढावी.