प्रेमाला किती गुण?

हातिमताईची दास्तान उर्दू घरांना नवी नाही. १९व्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हैदरबख्श हैदरी यांनी ती ‘आराइशे महफिल’ या नावाने उर्दूत उतरवली. तेव्हापासून आजीच्या तोंडून, स्वस्त छापाच्या किताबांतून, पुढे सिनेमातून आणि टीव्हीवरून ती आपल्यापर्यंत येत राहिली. हुस्नबानो नावाची धनवान, देखणी तरुणी सात प्रश्न घालते. जो त्यांची उत्तरे आणील त्याच्याशीच निकाह, ही तिची अट. मुनीर शामी हा शहजादा तिच्यावर आशक होतो, पण अटीपुढे हतबल होऊन रडत बसतो. परोपकारी हातिमला त्याची दया येते. त्याच्या वतीने हातिम निघतो, परी, अजगर, तिलिस्मी हमाम असे सारे पार करून सातही उत्तरे आणतो, आणि निकाह लागतो मुनीर शामीचा.

या दास्तानीचा सांगाडा नीट पाहिला तर तो आजच्या व्हिडिओ गेमचाच आहे. एकेक टप्पा, प्रत्येक टप्प्यावर वेगळे संकट, आणि शेवटी बक्षीस म्हणून नायिका. १९८१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘डाँकी काँग’ काढला, त्यात एक सुतार भल्यामोठ्या वानराच्या तावडीतून आपल्या प्रेयसीला सोडवतो. १९८९ चा जॉर्डन मेकनर यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ तर थेट आपल्या दास्तानींच्या दुनियेतला. जाफर नावाचा वजीर शहजादीला एका तासाची मुदत देतो : माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. तळघरात कोंडलेल्या नायकाने त्या साठ मिनिटांत तिच्यापर्यंत पोहोचायचे. आमच्या वयाच्या कित्येक पुणेकरांनी हा गेम क्लासच्या किंवा सायबर कॅफेच्या जुन्या कॉम्प्युटरवर खेळलेला आहे. शहजादीच्या मनात काय आहे, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडत नसे. वाळू सरत होती आणि जिना सापडत नव्हता, एवढीच काळजी.

व्हिडिओ गेम म्हणजे पोरखेळ, त्यात प्रेमाची आणि नीतीची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या पिढीने दास्तान ऐकलेली नाही, ती खेळलेली आहे. आपल्या पिढीला लैला-मजनू आणि शीरीं-फरहाद यांनी प्रेमाविषयी जे शिकवले, ते या मुलांना मोबाइलवरची पात्रे शिकवत आहेत. तेव्हा ती काय शिकवतात, हे पाहणे आपले कामच आहे.

नव्या गेममध्ये नायिका नुसती किल्ल्यात बसून राहत नाही. नायकाच्या, किंवा खेळणारी मुलगी असेल तर नायिकेच्या, सोबत कथा पुढे नेणारी पात्रे असतात, त्यांच्याशी बोलता येते, जवळीक वाढवता येते. मूळ कथेला लागून चालणारी ही प्रेमाची उपकथा खेळणाऱ्यांना फार प्रिय असते. पण ती बहुधा हिशेबावर चालते. २०१६ साली एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने एकट्याने तयार केलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ पाहा. शेती करायची, गुरे पाळायची, गावकऱ्यांशी ओळख वाढवायची. गावात लग्नाजोगे १२ जण आहेत. आठवड्याला दोन भेटवस्तू देता येतात. आवडीची वस्तू दिली तर जास्त गुण, नावडती दिली तर वजा. गुण वाढत जातात तशी बदामाच्या आकाराची हृदये भरत जातात. आठ भरली की फुलांचा गुच्छ द्यायचा, दहा भरली की लग्नाची मागणी घालायची. गेम गोड आहे, त्यातल्या माणसांची दुःखेही हळूहळू उलगडत जातात, हे कबूल केले पाहिजे. पण सगळी हृदये भरल्यावर समोरचे पात्र ‘माझ्या मनात तुझ्याविषयी तसे काही नाही’ असे म्हणेल, ही शक्यता त्यात नाही. वर्गात या विषयावर बोलणे निघाले तेव्हा आठवीतला एक मुलगा सहज म्हणाला, ‘‘सर, इतने गिफ्ट दिए, अब वो ना कैसे बोलेगी?’’

मुलाच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. त्याने गेमचा नियम सांगितला. पण आमच्या मते खरा प्रश्न इथेच आहे : श्रम केले, भेटी दिल्या, वाट पाहिली, म्हणून कुणाच्या प्रेमावर आपला हक्क तयार होतो काय?

हा प्रश्न गेमने निर्माण केलेला नाही. निजामी गंजवी यांच्या १२व्या शतकातल्या मसनवीपासून फरहाद पहाड फोडतो आहे. उर्दू शायरीने त्याला आशिकांचा सरताज केले. मात्र एक गोष्ट आपण विसरतो. हुस्नबानोच्या दास्तानीत अट तिची स्वतःची होती. प्रश्न तिने घातले, उत्तर आणणाऱ्याशी लग्न करण्याचा शब्द तिने दिला. फरहादला पहाड फोडण्याची अट शीरींने घातलेली नव्हती. ती खुस्रोने घातली, प्रतिस्पर्ध्याला वाटेतून दूर करण्यासाठी. शीरींचे मन तर खुस्रोकडे होते. गालिबने फरहादच्या या मजुरीची थट्टा केली आहे ती उगीच नाही. फरहादचे श्रम खरे, त्याचे दुःखही खरे, पण त्यामुळे शीरींकडे त्याचे काही येणे निघत नव्हते. फरहादच्या थोरवीची खूण हीच की त्याने ते येणे कधी मागितले नाही. तिच्या मृत्यूची खोटी खबर ऐकून त्याने स्वतःचा जीव दिला, तिच्यावर हत्यार उचलले नाही.

हे वाक्य आम्ही जाणूनबुजून लिहिले आहे. जून २०२३ मध्ये आपल्या पुण्यात, सदाशिव पेठेत, नकार दिला म्हणून एका तरुणाने भरदिवसा कोयता घेऊन एका विद्यार्थिनीचा पाठलाग केला. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे दोन तरुण मध्ये पडले म्हणून ती वाचली. वर्तमानपत्रे अशा बातमीवर ‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’ असा मथळा देतात. व्हिडिओ गेममुळे असे होते, असे म्हणणे अडाणीपणाचे ठरेल. उल्हासनगरात १९९० साली दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला जाळले गेले, तेव्हा मोबाइल कुणाच्याच हातात नव्हता. रोग जुना आहे. ‘मी एवढे केले, आता ती नाही कशी म्हणते?’ हे त्याचे मूळ. आमच्या वर्गातल्या मुलाचे निष्पाप वाक्य आणि कोयता यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर राखायला कोण शिकवते, एवढाच सवाल आहे.

पुण्यातच तयार झालेल्या एका गेमने हा सवाल टाळून वेगळी वाट धरली. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या कंपनीचा ‘राजी : अॅन एन्शन्ट एपिक’ २०२० साली जगभर गेला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. सोडवणारी मुलगी आणि सोडवायचा तो भाऊ, ही उलटापालट आम्हाला फार भावली. इथे प्रेमाला गुण नाहीत. गेम सुरू होण्याआधीपासून ते आहेच. पण म्हणूनच हे सोपे प्रेम आहे. भाऊ बहिणीला ‘मला तू नको’ म्हणणार नाही. प्रियकर-प्रेयसीच्या नात्यात दुसऱ्याची मर्जी मध्ये येते, आणि कसोटी तिथेच लागते.

या कसोटीला उतरणाऱ्या उपकथा गेमच्या दुनियेत थोड्या आहेत, पण आहेत. आम्ही त्यांत पहिला मान २००३ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ला देऊ. यातली फराह ही हिंदुस्थानातल्या एका महाराजाची मुलगी, इराणी फौजेने लुटीबरोबर कैद करून आणलेली. ज्या शहजाद्याच्या बापाने तिचे घर उद्ध्वस्त केले, त्याच्या सोबतीने तिला संकटाशी झुंजावे लागते. ती धनुष्य चालवते, टोमणे मारते, आणि विश्वास उडाला तेव्हा झोपलेल्या शहजाद्याचा खंजीर घेऊन निघूनही जाते. त्या खंजिरात वेळ मागे फिरवण्याची ताकद असते. शेवटी फराह मरण पावते. शहजादा वेळ इतका मागे नेतो की युद्ध झालेलेच नसते. फराह जिवंत आहे, पण तिला काहीच आठवत नाही. जे दोघांनी सोसले ते आता त्या एकट्याच्या स्मरणात उरले आहे.

तो तिच्या महालात जाऊन सारी कहाणी सांगतो. तिचा विश्वास बसत नाही. तो तिचे चुंबन घेतो, ती त्याला दूर ढकलते. तेव्हा तो खंजिराने ते क्षण मागे फिरवतो आणि या वेळी म्हणतो, बरोबर आहे तुझे, ती एक कहाणीच होती. खंजीर तिच्या हाती देतो आणि निघतो. ती नाव विचारते, तेव्हा तो फक्त एक शब्द सांगतो : काकोलूकीयम्. लहानपणी भीती वाटली की म्हणायला तिच्या आईने शिकवलेला हा गुपित शब्द तिनेच त्याला विश्वासाने सांगितलेला असतो. काकोलूकीय म्हणजे पंचतंत्राचे तिसरे तंत्र, कावळे आणि घुबडांचे. हेच पंचतंत्र ६व्या शतकात पहलवीत आणि ८व्या शतकात इब्न अल-मुकफ्फा यांच्या लेखणीतून ‘कलीला व दिम्ना’ म्हणून अरबीत गेले. हिंदुस्थानातून इराणला गेलेला शब्द एका इराणी शहजाद्याच्या तोंडून पुन्हा हिंदी मुलीकडे येतो, हा योग मोठा सुंदर आहे.

पण आम्हाला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. या शहजाद्याने मुनीर शामीपेक्षा कितीतरी अधिक केले आहे. तिचा जीव वाचवला आहे. तरी तो हिशेब मांडत नाही. एक प्रश्न मात्र मनात राहतो. तिच्या मर्जीविरुद्ध घेतलेले चुंबन त्याने पुसून टाकले. तिला ते ठाऊक नाही, त्याला आहे. मग अपराध पुसला गेला काय? आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. अपराध पुसला गेला नाही, पण नकार त्याने ऐकला, आणि त्या नकाराप्रमाणे तो वागला. आपल्या हाती तसा खंजीर नाही. आपल्याला नकार पहिल्याच वेळी ऐकावा लागतो.

दुसरी उपकथा पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने काढलेल्या २०१५ च्या ‘द विचर ३’ मधली. गेराल्ट आणि येनेफर यांना कित्येक वर्षांपूर्वी एका जिन्नाकडे मागितलेल्या इच्छेने एकत्र बांधलेले असते. येनेफरला संशय येतो : आपण एकमेकांवर प्रेम करतो की जिन्न आपल्याकडून ते करवून घेतो? ती दुसरा जिन्न शोधून ती गाठ सोडवते. दोघांनी विभक्त व्हावे म्हणून नव्हे, तर एकत्र राहिलो तर ते आपल्या मर्जीने राहिलो असे म्हणता यावे म्हणून. गाठ सुटल्यावर ती सांगते की माझे मन बदललेले नाही. गेराल्टला मात्र ‘माझे बदलले’ असे सांगण्याची मोकळीक गेम देतो. याच गेममध्ये नायकाने दोघींनाही प्रेमाचा शब्द दिला तर दोघी संगनमताने त्याला फजीत करून निघून जातात. गुण कितीही जमवलेले असोत.

यावर कुणी म्हणेल, ही पात्रे म्हणजे शेवटी कॉम्प्युटरची आज्ञावली. त्यांना मन नाही, मग मर्जी कसली? आक्षेप खरा आहे. फराहवर अन्याय होऊ शकत नाही. पण खेळणारा मुलगा मात्र खरा आहे, आणि तो काहीतरी गिरवत असतो. पाटीवर गिरवलेला ‘अलिफ’ही खरा मजकूर नसतो. तरी हाताला वळण त्यानेच लागते.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. प्रेमात श्रमाला काहीच किंमत नाही काय? वफा, सबुरी, सेवा हे सगळे व्यर्थ? तसे आम्ही म्हणत नाही. ज्या प्रेमासाठी कुणी काही करत नाही, ते प्रेम तोंडदेखले असते. फरक तोहफा आणि खरेदी यांत आहे. दोन्हींत हातातली वस्तू एकच असू शकते. ओळखायचे कसे? उत्तर ‘नाही’ आले की ओळखता येते. तोहफा देणाऱ्याला दुःख होते. खरेदी करणाऱ्याला आपण लुटले गेलो असे वाटते. दुःखाचा हक्क प्रत्येकाला आहे. लुटले गेल्याच्या भावनेचा हक्क इथे कुणालाच नाही, कारण विकायला काही ठेवलेलेच नव्हते.

आपल्याकडे निकाहाची रीत इजाब आणि कबूल यांवर उभी आहे. एकाने प्रस्ताव ठेवायचा, दुसऱ्याने स्वीकारायचा. मुलीला विचारल्याशिवाय निकाह पढवला जात नाही. आता विचारण्याला अर्थ केव्हा येतो? ‘नाही’ म्हणण्याची मुभा असेल तेव्हाच. जिथे मुलगी लाजेने गप्प आहे की धाकाने, हे पाहायला कुणाला सवड नसते, तिथे ‘कबूल’ हा शब्द दहा हृदये भरल्यावर आपोआप येणाऱ्या होकाराहून वेगळा राहत नाही. तेव्हा गेमला नावे ठेवण्याआधी आपण आपल्या मांडवातही एकदा डोकावून पाहावे.

मेहनत करा, फळ मिळेल, हे आम्ही शिक्षक वर्गात रोज सांगतो. गणिताला ते लागू आहे, शुद्धलेखनालाही आहे. माणसाच्या मनाला लागू नाही, हे मात्र पाठ्यपुस्तकात कुठे येत नाही. ते शिकवायला एखादी दास्तान, एखादा गेम कामी येत असेल तर त्याचा आधार घ्यायला आम्हाला संकोच वाटत नाही. त्या आठवीतल्या मुलाला आम्ही एवढेच म्हटले, की ती ना बोलू शकते, म्हणूनच तिच्या हो ला किंमत आहे. त्यावर तो काही बोलला नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र वहीतून मान वर करून ऐकत होती.