पाणी उडू द्या

दुपारचे दोन. मे महिना. यवतमाळातली गल्ली रिकामी आहे आणि नवतपा लागला आहे.

खिडकीचा पडदा ओढून घ्या. माशांच्या टाकीतला दिवा बंद करा. आता टाकीसमोर बसा. पाण्याची पातळी डोळ्यांसमोर येईल इतकं खाली बसा.

लगेच काही करू नका. आधी बघा.

गोल्डफिशचा कल्ला उघडतो. मिटतो. पुन्हा उघडतो.

तुमचा श्वास सावकाश असू द्या. नजर मात्र त्या कल्ल्यावर राहू द्या.

सकाळी तो संथ होता. आता त्याला घाई आहे. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. पाणी तापलं की माशाच्या देहातली सगळी कामं वेगानं चालतात, त्याला प्राणवायू जास्त लागतो. नेमका तेव्हाच तो कमी मिळतो.

हे सगळं त्या उघडमिटीत दिसतं. थांबा. आणखी थोडं बघा.

मासा वर येतो का? फायटर आणि गुरामी एरवीही वर येऊन हवा घेतात, ती त्यांची रीत आहे. पण गोल्डफिश वरच थांबला, गप्पी वरच्या थरात गोळा झाले, तर त्यांना श्वास पुरत नाही.

हात फ्रीजमधल्या बर्फाकडे जाईल. त्याला थांबवा. पाणी एकदम गार झालं तर तो धक्का माशाला सोसत नाही. उतार हळूहळू हवा.

झाकण उचला. त्या जागी मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा, म्हणजे मासा बाहेर उडी मारणार नाही.

छोटा टेबलफॅन टाकीपासून जरा दूर, पक्का ठेवा. वारा पाण्याच्या अंगावरून जाऊ द्या.

आता पृष्ठभाग बघा. बारीक थरथर उठते. पसरते. पुन्हा उठते.

तिथून पाणी उडतं आहे. ते दिसत नाही. तरी तिथेच बघत राहा.

कोपऱ्यातला माठ हेच करतो. अंगातून पाझरलेलं पाणी हवेला देतो आणि आतलं गार ठेवतो. एक लिटर पाणी उडताना जवळजवळ 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. 60 लिटरच्या टाकीतून ती सगळी काढली, तर उरलेलं पाणी नऊ-दहा अंशांनी उतरेल. खोली बरीचशी उष्णता परत देते, म्हणून प्रत्यक्षात दोन-चार अंशच उतरतात. माशाला तेवढे पुरतात.

आपल्याकडची हवा कोरडी आहे, म्हणून हे साधतं. ज्या कोरडेपणानं ओठ फुटतात, तोच इथे कामाला येतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत हाच पंखा इतका उपयोगी पडत नाही. खोलीत कूलर चालू असेल तर खिडकीची एक फट उघडी ठेवा, म्हणजे ओली हवा साचणार नाही.

एक श्वास घ्या. नाकात हवेचा कोरडेपणा जाणवू द्या. सोडा.

पाण्याची रेघ बघा. काल होती त्याच्या खाली आली आहे.

यवतमाळात पाणी खाली जाताना बघणं सोपं नाही. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोहच्या तलावांनी तळ गाठला होता, नळाची वाट बघत दिवसामागून दिवस गेले होते. तरीही टाकीतलं हे एवढं पाणी मला वाया गेलेलं वाटत नाही. त्यावर जीव पोसलेला आहे.

नळाचं पाणी आधी उघड्या बादलीत ठेवा. क्लोरीन निघून जाऊ द्या. तरीही वास येत असेल, तर क्लोरीन मारणारे थेंब घाला. मग एक मग, हळूच, काचेच्या कडेनं. उडालेलं पाणी क्षार मागे ठेवून जातं आणि आपल्या बोअरचं पाणी बहुधा जडच असतं. म्हणून आठवड्याला थोडं जुनं पाणी काढा, तेवढंच नवं घाला. काढलेलं तुळशीला द्या.

खाणं कमी टाका. उरलेलं खाणं कुजताना प्राणवायूच खातं. गोल्डफिशला छोट्या गोल भांड्यात ठेवणं मला कधीच पटलं नाही. मे महिन्यात तर इतकं थोडं पाणी बघता बघता तापतं.

लाईट गेली.

पंखा थांबतो. बुडबुडे थांबतात. घाबरू नका.

हातात मग घ्या. टाकीतलंच पाणी भरा, वीतभर उंचीवरून परत सोडा. ऐका. पडणारं पाणी हवा सोबत घेऊन आत जातं. पुन्हा भरा. पुन्हा सोडा.

आता कल्ला बघा. उघडतो. मिटतो. मध्ये जरा थांबतो का?

बघत राहा.

पाच वाजतात, ऊन कलतं, तुम्हाला बरं वाटू लागतं. पाण्याला मात्र वेळ लागतो. दिवसभराच्या भिंती, स्लॅब आता उष्णता सोडतात, आणि टाकी दुपारपेक्षा संध्याकाळी जास्त तापलेली असू शकते. लाईट आली की पंखा पुन्हा लावा. निजण्याआधी थर्मामीटर बघा. 28 च्या वर असेल, तर रात्रभर चालू द्या.