पोरकेपण आणि शरण

एकटे असण्याच्या अवस्थेसाठी मराठीने एकाच शब्दावर भागवलेले नाही. माणूस स्वतःहून पत्करतो तो एकांत. सोबत नसण्याची नुसती वस्तुस्थिती म्हणजे एकटेपणा. चारचौघांतही मनाला वेढून राहते ते एकाकीपण. आणि ज्याने सांभाळायचे त्यानेच हात सोडला या जाणिवेतून येते ते पोरकेपण. एकांताला इलाजाची गरज नसते, एकटेपणा आणि एकाकीपण यांवर माणसांची ये-जा, काम आणि काळ यांचा काही ना काही उतारा पडतो. पोरकेपणावर मात्र तो सहसा पडत नाही, कारण तेथे केवळ सोबतीची उणीव नसते, तर हक्काचा विश्वास मोडलेला असतो. ‘अनाथ’ हा शब्दही हेच सांगतो: ज्याला नाथ, म्हणजे पालनकर्ता, नाही तो अनाथ. देवालाच नाथ म्हणणाऱ्या परंपरेपुढे त्यामुळे एक अवघड प्रश्न उभा राहतो. देव मानणारा माणूस अनाथ होऊच कसा शकतो, आणि आपण तसे झालो आहोत असे त्याला आतून जाणवत असेल, तर त्याची श्रद्धा उणी पडली असे म्हणायचे काय?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नाशिकमधील इंदिरानगर हे ठिकाण सोयीचे आहे. मुंबई–आग्रा महामार्गालगत वाढलेले हे उपनगर तीर्थक्षेत्र नव्हे. नोकरदारांच्या आणि निवृत्तांच्या घरांची, दुपारी जिने शांत होणाऱ्या सोसायट्यांची ही वस्ती आहे, आणि मुले शिकून दूर गेल्यावर मागे उरणारी शांतता तिला, महाराष्ट्रातील कोणत्याही शहराच्या उपनगराप्रमाणे, अनोळखी नाही. मात्र या वस्तीपासून काही किलोमीटरांच्या अंतरात तीन स्थळे अशी आहेत की, ज्यांचा पाया ‘शरण’ या एकाच शब्दावर रचलेला आहे: समर्थ रामदासांच्या तपाचे टाकळी, नावातच शरण असलेले शरणपूर आणि बुद्धाला, धम्माला व संघाला शरण गेलेल्या भिक्खूंची त्रिरश्मी डोंगरावरील लेणी. तिन्हींचे तत्त्वज्ञान वेगळे आणि इतिहास वेगळा, तरीही टाकून दिलेल्या माणसाला आधार कोठून मिळतो, या प्रश्नाची तिन्ही उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून वाचता येतात.

शरणागती या संकल्पनेचा अर्थ बोलभाषेत ‘हार मानणे’ एवढाच उरला आहे. पांचरात्र ग्रंथांनी आणि त्यांच्या आधारे श्रीवैष्णव आचार्यांनी मात्र तिची सहा अंगे सांगितली आहेत: देवाला अनुकूल ते करण्याचा संकल्प, प्रतिकूल ते टाळणे, तो रक्षण करील हा विश्वास, त्यालाच रक्षक म्हणून निवडणे, स्वतःला त्याच्या हाती सोपवणे आणि कार्पण्य. या सहांतील शेवटचे अंग येथे सर्वांत महत्त्वाचे आहे. कार्पण्य म्हणजे आपण दीन आहोत, आपल्यापाशी दुसरा उपाय उरलेला नाही, याची उघड कबुली. परंपरेने ही कबुली श्रद्धेच्या विरुद्ध बाजूला ठेवलेली नाही, तर तिला श्रद्धेचेच एक अंग मानले आहे. म्हणजेच ‘माझे कोणी नाही’ हे वाक्य देवाला उद्देशून उच्चारले गेले की, ते अविश्वासाचे न राहता शरणागतीचे होते. वरच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच मिळते.

टाकळीचा इतिहास या उत्तराला देह देतो. १६०८ मध्ये जांब येथे जन्मलेले नारायण सूर्याजी ठोसर, म्हणजेच पुढचे समर्थ रामदास, लहानपणीच वडिलांना मुकले, बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेले आणि नाशिकला येऊन नासर्डी, म्हणजेच नंदिनी, जेथे गोदावरीला मिळते त्या टाकळीला बारा वर्षे राहिले, असे समर्थ परंपरा सांगते. पहाटेपासून मध्यान्हापर्यंत नदीच्या पाण्यात उभे राहून त्रयोदशाक्षरी राममंत्राचा, म्हणजे तेरा अक्षरांच्या मंत्राचा, जप हा त्यांचा नित्यक्रम होता आणि त्या जपाची संख्या परंपरेने तेरा कोटी मानली आहे. संख्येचा हिशेब बाजूला ठेवला तरी या नित्यक्रमातील शहाणपण नजरेआड करता येत नाही. सांत्वनाची भावना मनात उमटेपर्यंत साधक थांबून राहिला नाही. पाणी, ऊन, माधुकरी आणि ठरलेली वेळ यांत त्याने आधी शरीराला बांधून घेतले आणि मनाला मागून येऊ दिले.

रामदासांच्या ‘करुणाष्टकां’चे नाते परंपरा याच काळाशी जोडते. करुणा हा मराठी भक्तिकाव्यातील स्वतंत्र प्रकार आहे; स्तोत्रात देवाचे गुण गायिले जातात, तर करुणेत देवापुढे स्वतःची दैना मांडली जाते. या प्रकाराचे सर्वांत बोलके वैशिष्ट्य त्याच्या व्याकरणात आहे. देव तेथे ‘तो’ नसतो, ‘तू’ असतो. ज्याच्याविषयी बोलायचे तो अनुपस्थित असू शकतो. ज्याच्याशी बोलायचे, ज्याच्यावर रुसायचे, ज्याला उशीर का केलास म्हणून विचारायचे, तो निदान बोलणाऱ्यापुरता तरी समोर असावाच लागतो. मराठी संतांनी देवाशी केलेले भांडण आणि त्याला दिलेले दूषण ही म्हणूनच उपस्थितीचीच खूण ठरते. भक्ताला येथे उत्तर मिळालेले नसते, पण त्याला ऐकणारा मिळालेला असतो आणि पोरक्या माणसाची पहिली गरज बहुधा तीच असते.

तथापि या कथेला दुसरी बाजू आहे आणि वैचारिक प्रामाणिकपणासाठी ती मांडणे आवश्यक आहे. देवाच्या शोधात जो निघून जातो, तो कोणाला तरी मागे सोडून जातो. रामदासांमागे आई होती आणि अंतरपाटापलीकडे उभी असलेली एक मुलगी होती. आईचे दुःख चरित्रकारांनी सांगितले, त्या मुलीची करुणा मात्र परंपरेने फारशी नोंदवली नाही. मागे राहिलेल्या स्त्रीची ही साक्ष मराठीत यायला सुमारे तीनशे वर्षे जावी लागली आणि ती नाशिकच्याच परिसरातून आली.

लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळील जलालपूरचा. १८८० मध्ये कवी नारायण वामन टिळकांशी त्यांचा विवाह झाला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मातील जलदीक्षा, घेतली. पती हयात असून नसल्यासारखा, समाज बहिष्कार घालायला टपलेला आणि पदरात लहान मुलगा, अशी काही वर्षे त्यांनी काढली. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या काळाचे जे वर्णन आहे, त्याचे मोल दोन गोष्टींत आहे. पहिली ही की, त्यांना सांत्वन आयते मिळाले नाही. त्या पतीकडे परतल्या तरी त्यांनी त्याचा धर्म लगेच स्वीकारला नाही, सोवळ्याओवळ्याची आणि जातिभेदाची एकेक गाठ स्वतःच्या विचाराने सोडवली आणि मगच १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. दुसरी ही की, त्या दुःख सांगताना हसतात आणि हसवतात. आपल्या दैनेकडे थोड्या अंतरावरून पाहण्याची ही शक्ती हेच कदाचित ईश्वरी सांत्वनाचे सर्वांत विश्वसनीय लक्षण असावे, कारण तिच्यात दुःख नाकारलेले नसते आणि त्याला सर्वस्वही दिलेले नसते.

शरणपूरची कथा यापेक्षाही दूरची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांनी वसवलेल्या या वस्तीत, अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आणून शिक्षण व कारागिरी शिकवली गेली. आईबाप, गाव आणि भाषा या सर्वांना मुकलेल्या या मुलांहून अधिक पोरके कोण असू शकेल? त्यांच्यापैकीच जेकब वेनराइट हा तरुण पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन या प्रवाशाच्या मदतीसाठी आफ्रिकेत गेला. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाल्यावर त्याच्या आफ्रिकी सोबत्यांनी ते शव अनेक महिने चालत किनाऱ्यापर्यंत वाहून आणले. अंत्यप्रार्थना वाचली ती वेनराइटने आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीलाही तो हजर होता. मिशनच्या कार्यामागील साम्राज्याचे राजकारण विसरण्याचे कारण नाही. तरीही ज्याला कोणी उरले नव्हते, त्याने परक्या देशातून आलेल्या एका मृताला एकटे सोडले नाही, हे सत्य त्या राजकारणाने पुसले जात नाही.

ईश्वरी सांत्वनाच्या या साऱ्या कथांवर सर्वांत बिनतोड आक्षेप नाशिकच्याच भूमीने नोंदवला आहे. देवाच्या दारातच माणसाला अडवले जाते, तेव्हा सांत्वनाची भाषा कोणाच्या उपयोगाची? २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना प्रवेश मिळावा यासाठी, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला आणि तरीही दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्याला हिंदू धर्म सोडण्याची आंबेडकरांची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांनी त्रिशरण, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांचे शरण, घेतले. बौद्ध शरणात सृष्टिकर्ता ईश्वर नाही. तेथे मार्गदर्शक आहे, मार्ग आहे आणि त्या मार्गावर चालणाऱ्यांचा समुदाय आहे. बंद दारापुढे बसून करुणा गात राहण्यापेक्षा जेथे दारच नाही असे घर शोधणे हाही पोरकेपणाचा अंत असू शकतो, हे या इतिहासाने दाखवून दिले. ‘देवाची मर्जी’ म्हणून दुःखिताचे तोंड बंद करणारे सांत्वन हे अन्यायाचे भागीदार होते, हा त्याचा दुसरा धडा.

त्रिरश्मीवरील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात याहून जुना एक शिलालेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात त्याची आजी गौतमी बलश्री हिने ते लेणे भद्रायनीय या बौद्ध पंथाच्या भिक्खूंना दान केले. लेखात तिने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचे गुण विस्ताराने वर्णिले आहेत आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते तोवर तो हयात नव्हता. पुत्रवियोगी आईने आपल्या दुःखाची जागा अनोळखी भिक्खूंना पावसाळ्यात राहण्यासाठी मोकळी करून दिली, असा या दानाचा अर्थ लावता येतो.

टाकळी, शरणपूर आणि त्रिरश्मी यांच्या साक्षी एकत्र केल्या, तर सांत्वनाविषयी एक निष्कर्ष निघतो. देवाचा आधार म्हणजे एकटेपणाची समाप्ती नव्हे आणि गेलेले माणूस परत येणेही नव्हे. कोणाशी तरी ‘तू’ म्हणून बोलण्याची मुभा, शरीराला सावरणारा नित्यक्रम आणि स्वतःसारख्याच दुसऱ्या पोरक्याला आसरा देण्याची संधी, या तीन गोष्टींतून तो हाती लागतो. यांतील तिसरी नसेल तर पहिल्या दोन्ही आत्मरंजन ठरण्याचा धोका असतो. झोप, भूक आणि जगण्याची इच्छाच नाहीशी झाली असेल तर डॉक्टरांकडे जाणे हे श्रद्धेचे उणेपण नव्हे. कार्पण्याच्या कबुलीत तीही कबुली सामावते.

टाकळीची परंपरा शेवटी एका मुलाची गोष्ट सांगते. बारा वर्षांनी रामदास तीर्थाटनाला निघाले तेव्हा त्यांचा पहिला शिष्य उद्धव मागे राहिला. गुरूने त्याला सोबतीचे आश्वासन दिले नाही. शेणाचा मारुती स्थापून त्याची पूजा आणि मठ त्याच्या स्वाधीन केला. तो गोमय मारुती आजही टाकळीला आहे आणि तेथे येणाऱ्याला दार उघडे आहे.