तंबाखूचे व्यसन : निंदा की मदत?

तंबाखूचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की ती हराम आहे की मकरूह? तंबाखू सोळाव्या शतकात अमेरिका खंडातून इतरत्र पोहोचली. त्यामुळे प्रारंभीच्या फिकह-ग्रंथांत तिचा उल्लेख नाही आणि नंतरच्या उलमांत मतभेद झाले. परंतु त्या काळी तिचे अपाय आजच्याइतके उघड झाले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तंबाखूमुळे जगात दरवर्षी 70 लाखांहून अधिक लोक मृत्युमुखी पडतात. त्यांपैकी दहा लाखांहून अधिक जणांचा बळी इतरांनी सोडलेल्या धुरामुळे जातो. म्हणजे येथे केवळ शरीररूपी अमानतीचा नव्हे, तर हक्कुल इबादचाही प्रश्न आहे. आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये, ही सूरह बकरामधील (2:195) शिकवण पाहता तंबाखूचे समर्थन करणे कठीण आहे.

मात्र हुकूम सांगितला म्हणजे आपले कर्तव्य संपले काय? 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. कोणी बिडी ओढतो, कोणी मावा चघळतो, तर घरातील एखादी वडीलधारी स्त्री सकाळी मिश्री लावते. ही आपलीच माणसे आहेत. हे वाईट आहे, हे त्यांपैकी बहुतेकांना ठाऊक असते. सुटत नाही, हे त्यांचे दुःख असते. निकोटीन मेंदूला सवय लावते आणि ते न मिळाल्यास चिडचिड, अस्वस्थता व निद्रानाश सुरू होतो. अशा माणसाला केवळ दुर्बल इमानाचा ठरविणे न्यायाचे नाही.

मद्यपानाबद्दल वारंवार शिक्षा झालेल्या एका व्यक्तीला कोणी शाप दिला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यास मनाई केली, असे सहीह बुखारीत आले आहे. शिक्षा टळली नाही. परंतु त्या माणसाला समाजाबाहेरही लोटले गेले नाही. कृत्याचा निषेध आणि माणसाविषयीची आत्मीयता एकाच वेळी शक्य आहे, हाच त्याचा बोध.

मद्यबंदीसुद्धा टप्प्याटप्प्याने आली. प्रथम मद्याची हानी लाभाहून मोठी असल्याचे सांगितले गेले, मग नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली आणि अखेरीस पूर्ण बंदी. तथापि ‘हळूहळू सोडू’ म्हणणाऱ्याने यात सबब शोधू नये. अंतिम आदेश येताच मदीनेच्या गल्ल्यांत मद्य ओतून दिले गेले. टप्पे होते, तसा शेवटही होता. म्हणून व्यसन सोडणाऱ्यानेही दिवस निश्चित करावा.

रमजान ही त्यासाठी उत्तम संधी आहे. सहरीपासून इफ्तारपर्यंत जो तंबाखूला स्पर्श करीत नाही, त्याच्या ठायी निश्चयाची शक्ती आहे, हे त्याने स्वतःच सिद्ध केलेले असते. इफ्तारनंतर पुन्हा तलब येते, तेव्हा त्याला सोबतीची गरज असते. घरच्यांनी टोमणे न मारता धीर द्यावा, मित्रांनी पुडी पुढे करू नये, लग्नसमारंभात तंबाखूचे पान वाटू नये. शासनाच्या 1800-11-2356 या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर समुपदेशन मिळते. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधेही घेता येतात. उपचार घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

आपल्या घरात असा कोणी असेल, तर त्याला आज फतवा ऐकवण्याआधी विचारा, ‘मी तुला काय मदत करू?’ अल्लाह आपणा सर्वांना परस्परांचा आधार बनण्याची तौफीक देवो. आमीन.