बिऱ्हाड हरवलेला विनोद

2009 साली 'पेइंग गेस्ट्स' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा मराठी प्रेक्षकाने गोष्ट लगेच ओळखली. चार मित्र, डोक्यावर छप्पर नाही, घरमालकाला जोडपीच हवीत, म्हणून दोघे बायका होतात. आपली 'अशी ही बनवाबनवी'च. निर्मिती सुभाष घईंच्या मुक्ता आर्ट्सची. दिग्दर्शक परितोष पेंटर नाटकातून आलेले. श्रेयस तळपदे, जावेद जाफरी, जॉनी लिव्हर असे विनोदाची जाण असलेले नट. एवढं सगळं असूनही चित्रपट हसवत नाही. जे थोडंफार हसू येतं, ते नटांच्या अंगभूत कसबामुळे.

'नक्कल ती नक्कलच' असं म्हणून हा विषय संपवता येत नाही. कारण 1988ची 'बनवाबनवी' हीसुद्धा नव्याने केलेलीच गोष्ट आहे. शैलेश डे यांची बंगाली कथा, तिच्यावरून हृषीकेश मुखर्जींचा 1966चा 'बीवी और मकान', आणि त्यावरून सचिन पिळगांवकरांचा मराठी चित्रपट. आपल्या विनोदाची परंपराच अशी घेण्यादेण्याची आहे. आचार्य अत्र्यांनी 1892च्या 'चार्लीज आंट' या इंग्रजी नाटकावरून 'मोरूची मावशी' लिहिलं आणि लालबागच्या विजय चव्हाणांनी ती मावशी अशी उभी केली, की तिचं मूळ विलायती आहे हे कुणाला आठवेनासं झालं. 'धूमधडाका'चंही तसंच. 'प्यार किये जा' आणि त्याआधीचा तमिळ चित्रपट ओलांडून तो मराठीत आला आणि इथलाच झाला.

मग 2009 साली काय निसटलं? माझ्या मते, खोली.

'बनवाबनवी' घडते पुण्यात, पण ती अंगावर घेतली गिरगाव-परळच्या प्रेक्षकाने. 1947च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली. त्या भाड्यात घरमालक नवा भाडेकरू घेईना. घेतला तर पागडी मागे. मुंबईत एकट्या पुरुषाला जागा मिळणं म्हणजे नशीब उघडणं. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातल्या एकेका गावाची सामाईक खोली असे. गिरणीची पाळी संपवून आलेल्याने पथारी पसरायची, दुसऱ्या पाळीवाल्याने गुंडाळायची, भिंतीलगत प्रत्येकाची ट्रंक, जेवण खानावळीत. त्यात 1982चा गिरणी संप झाला आणि अनेकांची खोलीही सुटली, मुंबईही सुटली. हे भोगलेल्या किंवा घरात ऐकलेल्या माणसाला घरमालक सरपोतदारांनी चौघांना बाहेर काढणं ही विनोदाची नुसती सोय वाटत नाही. तो आतून धसकतो. मग चौघांतल्या सुधीरची सुधा होते आणि परशाची पार्वती, तेव्हा त्याच्या हसण्यात सुटकेचा श्वास मिसळलेला असतो.

'पेइंग गेस्ट्स'ने ही गोष्ट थायलंडला नेली. समुद्रकिनारा, झगमगाट, रंगीबेरंगी कपडे. तिथे घर मिळालं नाही तर परतीचं विमान आहे. पात्रांना जे गमावण्याची भीती वाटायला हवी, ते आपल्याला कधी खरं वाटतच नाही. मग उरतं फक्त पुरुषांनी बायकांचे कपडे घालणं, आणि तेवढ्यावर मराठी माणूस हसत नाही. त्याने बालगंधर्व ऐकले-पाहिले आहेत, निदान त्यांच्याविषयी घरात ऐकलं आहे. स्त्रीवेशातल्या पुरुषाचं चालणं, पदर सावरणं तो बारकाईने पाहतो. सचिनची सुधा त्या परीक्षेत उतरते. लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती उतरत नाही आणि तिला ते ठाऊक आहे, तिच्या प्रत्येक पावलात पकडलं जाण्याची धास्ती आहे. विनोद त्या धास्तीतून येतो, साडीतून नाही.

'बनवाबनवी'तल्या वसंत सबनीसांच्या संवादांविषयी तर वेगळाच लेख लिहायला हवा. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणाऱ्या या माणसाला बोलण्याचा ठेका कळत होता. प्रत्येक थाप पुढच्या थापेची गरज निर्माण करते, आणि धनंजय मानेंच्या भूमिकेत अशोक सराफ ती इतक्या गंभीरपणे मारतात, की तो माणूस खरोखर कुटुंब सांभाळतो आहे असं वाटावं. बेर्डे गिरगावात वाढले, साहित्य संघात नोकरीला होते. सराफही दक्षिण मुंबईतल्या चिखलवाडीचे. समोर बसलेला प्रेक्षक कुठे हसतो आणि त्यासाठी किती थांबायचं, हे या दोघांना नाटकाने शिकवलं होतं. आज विनोदी चित्रपट विनोदानंतर थांबतच नाहीत. पार्श्वसंगीत आधीच सांगून टाकतं की आता हसा. हा प्रेक्षकावरचा अविश्वास मला मनापासून खटकतो.

आणि घरमालकीण लीलाबाई काळभोर! त्या म्हातारीला फसवताना चौघांना लाज वाटते, प्रेक्षकालाही वाटते. एवढं प्रेम ज्या घरमालकिणीवर केलं, तिच्यामुळेच शेवट गोड लागतो.

गिरण्यांच्या जागी आता परळला टॉवर उभे आहेत, पण एकट्या मुलाला किंवा मुलीला भाड्याने जागा हवी असली, की एजंट आजही विचारतो: फॅमिली आहे का? म्हणजे ही गोष्ट शिळी झालेली नाही. पुढे कुणी ती पुन्हा करणार असेल, तर त्याला माझी कळकळीची विनंती आहे. परदेशातली ठिकाणं शोधण्याआधी लालबाग-परळमध्ये महिनाभर एकट्या माणसासाठी खोली शोधून पाहा, आणि मगच पटकथा लिहायला बसा.