मुलांचे ताट: आपली जबाबदारी



संत मार्कच्या शुभवर्तमानातील (अध्याय 5) याईरच्या मुलीची घटना आपण अनेकदा ऐकली आहे. 12 वर्षांची ही मुलगी मरण पावलेली असते. प्रभू येशू तिचा हात धरून तिला उठवतो. सारे थक्क होतात. पण प्रभू तेवढ्यावर थांबत नाही. तिला काहीतरी खायला द्या, असे तो घरच्यांना बजावतो. जीवन प्रभूने दिले. ताट वाढण्याचे काम मात्र त्याने घरच्यांवर सोपवले.

आपल्या सातारकरांना या कामाची थोर परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. मुलांच्या जेवणाची अडचण आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. भुकेल्या पोटी शिक्षण होत नाही, हे त्या माउलीने ओळखले होते.

आज सरकारी व अनुदानित शाळांत 1ली ते 8वीच्या मुलांना शिजवलेला आहार मिळतो. 5वीपर्यंतच्या मुलाला त्यातून 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने, तर पुढच्या वर्गांना 700 उष्मांक व 20 ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. पण हे दुपारचे एकच जेवण. बाकीचे घरचे.

आपल्या भागात दोन प्रकारची मुले दिसतात. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांत आणि ऊसतोड कामगारांच्या खोपटांत हाडे दिसणारी मुले आहेत. शहरांत वेफर्स, बिस्किटे आणि शीतपेयांवर वजन वाढलेली मुले आहेत. दोघांच्याही ताटात कसदार अन्न कमी पडते. 2020 च्या केंद्रीय नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जादा चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ मुलांना विकता येत नाहीत. परंतु घरून डब्यात घातलेल्या पाकिटाला कोणता नियम अडवणार?

म्हणून आपण काही साधे निश्चय करू या.

डब्यात ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, जमेल तेव्हा अंडे देऊ या. धर्मशिक्षणाच्या वर्गात बक्षीस म्हणून चॉकलेटऐवजी केळे, चिक्की किंवा मूठभर बेदाणे देऊ या. मुलांना रोज मैदानावर खेळू देऊ या.

मुलाचे वजन योग्य आहे की नाही, हे वय व उंची पाहून ठरते. शंका वाटल्यास डॉक्टरांना दाखवावे; वाढत्या मुलाला उपाशी ठेवू नये. आणि कोणत्याही मुलाला ‘जाड्या’ किंवा ‘काडीपैलवान’ म्हणून हिणवू नये. त्याचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे.

आपल्या शेजारी एखादे मूल रिकाम्या डब्याने शाळेत जात असेल, तर त्याचीही एक भाकरी आपल्या तव्यावर भाजली जावो. वेदीवर प्रभू आपल्याला स्वतःची भाकर देतो. ती घेऊन घरी जाताना शेजारचे भुकेले मूल आपण कसे विसरू?

हे प्रभो, तू आमच्या हाती सोपवलेल्या लेकरांना सकस अन्न, निरोगी शरीर आणि आनंदी मन दे. त्यांचे ताट प्रेमाने वाढण्याची सद्बुद्धी आम्हाला दे. आमेन.